बोट सहा जणांची की दोघांची?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्रलेखक ६१ वर्षांचे, निवृत्त इंजिनीअर. दोन वर्षांपूर्वी पुण्याचा फ्लॅट भाड्याने देऊन पतिपत्नी सिंधुदुर्गातल्या वडिलोपार्जित घरी राहायला आले. परसाच्या टोकाला खाडी. हवा भरायची रबरी बोट आणि आउटबोर्ड (बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायचं) मशीन घ्यायचं मनात आहे, बजेट साडेतीन लाख. ऑनलाइन एक ३.६० मीटरची पीव्हीसी बोट पसंत केली आहे, सहा माणसांची, आणि तिच्यावर १५ हॉर्सपॉवरचं मशीन. मुलगा, सून आणि दोन नातवंडं डिसेंबरात सिंगापूरहून येतात. सगळ्यांनी मिळून खाडीच्या मुखापर्यंत आणि जमलं तर बाहेर समुद्रात जावं, ही इच्छा. मेव्हणे दुबईला असतात, ते आपली आठ वर्षं वापरलेली हायपेलॉनची बोट देऊ करताहेत. शेजाऱ्यांचा मासेमारीचा धंदा आहे. त्यांचं मत, ‘ही फुग्याची व्हडी कालवांर लागली काय संपला, फायबरची घेवा.’ (कालवं म्हणजे खडकाला चिकटलेले धारदार शिंपले; त्यांना लागली की ही होडी संपली.) पत्नीला पोहता येत नाही; त्या म्हणतात, तुम्ही जा, मी काठावरून हात हलवते. बोट उतरवायला परसातून खाली सिमेंटचा उतार बांधायचा विचार आहे. प्रश्न: कुठली बोट, किती ताकदीचं मशीन, आणि सोबत काय काय घ्यावं?

उत्तर:

नमस्कार. तुमच्या पत्रात बोटीची लांबी सेंटिमीटरपर्यंत आहे, मशीनची ताकद आहे, बजेट आहे. ओहोटीला परसाच्या टोकाला काय दिसतं, ते मात्र कुठेच नाही. माझ्या मते निम्मा निर्णय तिथेच होणार आहे. म्हणून काहीही विकत घेण्याआधी येत्या अमावास्येला किंवा पौर्णिमेला, उधाणाच्या ओहोटीला, संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास खाली जा. पाणी किती लांब गेलंय ते बघा. पायाखाली वाळू आहे की घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत रुतणारा चिखल? कालवांचे खडक कुठे उघडे पडतात? तिवरांच्या मुळांची टोकं कुठवर आली आहेत? मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बोट विकणाऱ्याशी बोलताना त्याच्या माहितीपत्रकापेक्षा हे फोटो जास्त उपयोगाला येतील.

आता वजनाकडे या. ३.६० मीटरची, ॲल्युमिनियमच्या फळ्यांचा तळ असलेली पीव्हीसी बोट सत्तर किलोच्या आसपास भरते. १५ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक मशीन ५० किलोच्या घरात. १२ लिटर पेट्रोलची टाकी, नांगर, दोर, वल्ही धरली की दीडशे किलोच्या जवळ गेलात. हे ओझं डिसेंबरचे दहा दिवस मुलगा उचलेल. उरलेले दिवस कोण उचलणार? बोटीला मागे उघडमीट करणारी चाकं बसवता येतात, ती जरूर घ्या, जाड टायरची. पण कोकणातल्या खाडीच्या चिखलात भरल्या बोटीची चाकं आधी रुततात आणि मग माणूस.

इथेच तुमच्या पत्रातलं मुख्य गृहीतक येतं. तुम्ही सहा माणसांची बोट निवडताय, कारण वर्षातून एकदा घरात सहा माणसं असतात. पण खाडी रोज तुमच्या परसात आहे आणि घरात रोज तुम्ही दोघंच आहात. मुलं-नातवंडं बोटीच्या ओढीने जास्त दिवस राहतील, ही आशा पत्रात न लिहिताही दिसते, आणि त्यात वावगं काही नाही. तरी पाहुण्यांच्या मापाने घेतलेली बोट बाकीचा काळ पडवीत ताडपत्रीखाली पडून राहते. काढायचा कंटाळा येतो, मशीनमधलं पेट्रोल शिळं होतं, आणि ऐन डिसेंबरात सगळे जॅकेट घालून काठावर उभे असताना दोरी ओढून ओढून तुमचा खांदा निखळायची वेळ येते. दोघांना सहज उचलता येईल अशी बोट घेतलीत तर ती आठवड्यातून दोनदा पाण्यात जाईल. नातवंडांना एकेक करून आजोबांनी खाडीत फिरवून आणलं तरी त्यांचं मन भरतं. सगळ्यांनी मिळून समुद्रात जायचंच असेल तर मालवण, तारकर्ली, देवबागकडे प्रवासी परवान्याच्या बोटी मिळतात. शेजाऱ्यांना विचारून चांगला तांडेल (होडी चालवणारा मुख्य खलाशी) बघा आणि त्या दिवशी तुम्हीही निवांत प्रवासी व्हा.

शेजाऱ्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. कालवाची कड ब्लेडसारखी असते आणि रबरी बोटीचा तो खरा शत्रू आहे. तुमच्या काठाला ओहोटीतही कमरेएवढं पाणी राहत असेल आणि शेजाऱ्यांच्या होड्यांशेजारी तुमची होडी बांधायला ते तयार असतील, तर फायबरची छोटी होडी हाच उत्तम पर्याय. स्वस्त पडेल, दुरुस्ती गावात होईल, उन्हाचं भय नाही. मात्र ती दोघांना उचलत नाही; कायम पाण्यात ठेवावी लागेल आणि पावसाळ्याआधी चार माणसं लावून वर ओढावी लागेल. पाणी लांब जात असेल, होडी रोज घरी आणावी लागत असेल, तर रबरी बोट बरी. ती हलकी असते, कलंडायला अवघड असते, पाण्यातून वर चढताना तिच्या कडेचा आधार मिळतो, आणि पोहता न येणाऱ्या माणसाला तिच्या फुगीर कडेवर हात ठेवून बसलं की धीर येतो. हा शेवटचा मुद्दा तुमच्या घरात महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येतो.

रबरी बोटीत पहिला प्रश्न कापडाचा. पीव्हीसी स्वस्त आणि वजनाला हलकी. पण आपल्याकडच्या उन्हात काही वर्षांत तिचा पृष्ठभाग चिकट व्हायला लागतो, जोड सुटायला लागतात. हायपेलॉन हे खरं तर एका अमेरिकी कंपनीच्या कृत्रिम रबराचं नाव. त्या कंपनीने २०१० मध्ये उत्पादन थांबवलं, तरी त्याच जातीच्या रबराच्या कापडाला बाजार अजून हायपेलॉनच म्हणतो. ते महाग आहे, पण ऊन, पेट्रोलचे थेंब आणि घासणं खूप जास्त सोसतं. बोट महिनोन् महिने बाहेर राहणार असेल तर हायपेलॉनला पर्याय नाही. प्रत्येक फेरीनंतर हवा कमी करून सावलीत ठेवणार असाल तर चांगल्या जाडीची, वेल्डिंगच्या जोडांची पीव्हीसीही चालते. कोकणात माडाच्या सावलीत ठेवू म्हणाल तर वर बघून ठेवा. झावळ पडली तर एकवेळ चालेल, नारळाचं सांगता येत नाही.

दुसरा प्रश्न तळाचा. पट्ट्यांचा तळ असलेली बोट गुंडाळून डिकीत जाते, पण पायाखाली लिबलिबते आणि मशीनने ढकलली की वाकते. हवेचा कडक तळ वजनाला उत्तम, पाऊण बार दाबाला फळीसारखा ताठ होतो, गुडघे टेकायला मऊ. पण मासे पकडायचे गळ, शिंगाळा माशाचा काटा आणि हवेचा तळ यांचं जमत नाही. तिसरा प्रकार म्हणजे खाली फायबरचा किंवा ॲल्युमिनियमचा टणक तळ आणि वर रबरी कडा, ज्याला ‘रिब’ म्हणतात. ती गुंडाळता येत नाही, पण चालते सगळ्यात छान. आणि वाळूवर, खडकावर घासणारा भाग टणक असल्याने शेजाऱ्यांच्या आक्षेपालाही बरंचसं उत्तर मिळतं. तीन मीटरच्या आसपासची ॲल्युमिनियम तळाची रिब ४५-५० किलोला मिळते. तुमचं घर पाण्याला लागून आहे, डिकीत घालून न्यायचीच नाही, मग गुंडाळता येण्याचा आग्रह कशाला? मी तुमच्या जागी असतो तर २.९ ते ३.१ मीटरची, हायपेलॉनची, ॲल्युमिनियम तळाची रिब घेतली असती. बजेट ताणलं जात असेल तर त्याच लांबीची हवेच्या तळाची बोट आणि तिच्या पोटाखाली, जिथे ती वाळूला टेकते तिथे, जादा रबरी पट्टी चिकटवून.

मेव्हण्यांच्या बोटीचं सरळ सांगतो. आखाती उन्हात आठ वर्षं म्हणजे कापड हायपेलॉनचं असलं तरी डिंकाचं वय झालेलं असतं. त्यांना एवढंच करायला सांगा: बोट पूर्ण फुगवून सावलीत २४ तास ठेवायची, दोन्ही दिवशी एकाच वेळी दाबमापकाचा आकडा लिहायचा, आणि मशीन बसवायची मागची फळी रबराला जिथे जोडलेली असते तिथले जवळून फोटो पाठवायचे. तो जोड कुठे उचललेला दिसला तर बोट फुकटातही महाग. जोड घट्ट आणि दाब टिकून असेल तर वाहतूक आणि सीमाशुल्काचा खर्च आधी विचारून मग हो म्हणा.

आता मशीन. १५ हॉर्सपॉवरचा मोह मला समजतो. तीन मीटरची बोट पाणी कापत चालते तोवर तिचा वेग चार नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी साडेसात किलोमीटर. त्यापुढे जायचं तर बोट पाण्यावर चढून पळायला हवी, आणि चार मोठी माणसं घेऊन तसं पळायला १५ लागतंच. पण दोघांना खाडीत फिरायला, गळ टाकायला, पलीकडच्या काठावरून भाजी आणायला पळायची गरज किती? शिवाय हलक्या बोटीत मागे एकटा माणूस, मागेच जड मशीन आणि त्याने एकदम मूठ पिळली, तर नाळ (बोटीचं पुढचं टोक) आकाशाकडे उठते आणि समोरचा वारा तिच्याखाली शिरला तर बोट मागच्या मागे उलटते. बोटीच्या मागच्या फळीजवळ एक प्लेट असते. तीवर कमाल वजन, कमाल माणसं आणि कमाल हॉर्सपॉवर लिहिलेली असते. ती कमाल आहे, शिफारस नव्हे.

अगदी लहान, अडीच हॉर्सपॉवरचं मशीनही मी सुचवणार नाही. ते एका हाताने उचलता येतं, पण उधाणाच्या ओहोटीला खाडीच्या अरुंद भागात पाण्याचा ओढा दोन-तीन नॉटपर्यंत जातो. तुमची चाल चार नॉट, पाण्याची तीन, समोर वारा: घर डोळ्यांसमोर असूनही येत नाही. मधला मार्ग सहा हॉर्सपॉवरचा. बऱ्याच कंपन्यांत चार, पाच आणि सहाचं इंजिन एकच असतं, वजन तेच २५ ते २७ किलो. मग चारचं कशाला घ्यायचं? सहाचं फोर-स्ट्रोक, ज्याला अंगची छोटी टाकीही आहे आणि बाहेरची टाकीही जोडता येते, असं बघा. दोघं असताना कमी पेट्रोलात, बोलणं ऐकू येईल इतक्या आवाजात चालेल. मुलगा एकटा बसला तर कदाचित पाण्यावर चढवूनही दाखवेल.

टू-स्ट्रोक हलकं असतं आणि मेकॅनिकला पाठ असतं. घेतलंत तर त्यात टीसी-डब्ल्यू-३ दर्जाचंच तेल घाला, स्कूटरचं नव्हे. पण धूर नाकात जातो आणि पेट्रोल जास्त पितं. विजेवरच्या मशीनचा विचार ज्यांना फक्त पक्षी बघायचे आहेत त्यांनी जरूर करावा, चिखलातल्या बगळ्यालाही चाहूल लागत नाही. मात्र एक किलोवॅटअवरची बॅटरी पूर्ण ताकदीने तासाभरात संपते, आणि उलट्या ओढ्याला नेमकी पूर्ण ताकदच लागते.

कुठल्या कंपनीचं, हा प्रश्न इंटरनेटला विचारू नका. शेजाऱ्यांना विचारा की बंदरावरचा मेकॅनिक रोज कुठलं मशीन उघडतो, आणि पंपाचं इम्पेलर (थंड पाणी खेचणारं रबरी चाक) त्याच्याकडे शिल्लक असतं का. ज्याचा सुटा भाग मुंबईहून यायला तीन आठवडे लागतात ते मशीन कितीही चांगलं असलं तरी तुमच्या कामाचं नाही. आणखी एक गोष्ट. गावात कुणी जुनं मशीन स्वस्तात देऊ केलं तर त्याची दांडी मोजा. मच्छीमारी होड्यांची मशीनं बऱ्याचदा २० इंची लाँग शाफ्ट असतात. लहान रबरी बोटीला बहुधा १५ इंची शॉर्ट शाफ्ट लागते. फळीची उंची मोजून, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या जेमतेम इंचभर खाली येईल असं माप हवं. पाच इंच जास्त लांब दांडी म्हणजे आपल्या उथळ खाडीत सतत चिखल नांगरणं.

पेट्रोलवर थोडं थांबतो, कारण बोट विकणारे यावर बोलत नाहीत. आता देशभर पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकेत मर्यादा १० टक्क्यांची असते. इथेनॉल हवेतला दमटपणा ओढून घेतं. कोकणच्या हवेत अर्धी भरलेली टाकी महिनाभर ठेवली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतं, आणि मशीनची नळी नेमकी तळातूनच ओढते. कार्ब्युरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल सुकून डिंकासारखं होतं आणि तिथली बारीक छिद्रं बुजतात. न सुरू होणाऱ्या लहान मशीनचं सगळ्यात नेहमीचं दुखणं हेच. उपाय साधे आहेत. विकत घेताना विक्रेत्याकडून लेखी घ्या की ई-२० वापरल्यास वॉरंटीचं काय. नळीत पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवून घ्या. आठवड्यापुरतंच पेट्रोल आणा, उरलेलं स्कूटरमध्ये ओता. आणि बोट आठ-दहा दिवस काढायची नसेल तर पेट्रोलची नळी बंद करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. पेट्रोल घरी ठेवायचं ते धातूच्या घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, आणि चुलीपासून, देवघरातल्या समईपासून लांब. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं. तुम्हाला त्याच्या निम्मंही लागणार नाही.

प्रत्येक खाऱ्या फेरीनंतर मशीन गोड्या पाण्यावर दहा मिनिटं चालवायचं. मोठ्या बादलीत किंवा ड्रममध्ये दांडी बुडवून चालतं. थंड पाण्याची बारीक धार मागून सतत बाहेर पडते आहे ना, हे तेव्हाही बघायचं आणि खाडीत निघताना तर दर वेळी.

सोबतच्या सामानात पैसे कुठे घालायचे? सगळ्यात आधी जॅकेटमध्ये. बाजारात ५० न्यूटनची (न्यूटन हे तरंगवण्याच्या ताकदीचं माप) हलकी जॅकेटं मिळतात, ती पोहता येणाऱ्यांसाठी असतात. पोहता न येणाऱ्याला आणि मुलांना किमान १०० न्यूटनचं हवं, ज्याला मानेमागे कॉलर आहे आणि जे माणसाला पाठीवर वळवतं. मुलांचं जॅकेट वजन बघून घ्यायचं आणि त्याला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. तो नसेल तर पाण्यात मूल खाली आणि जॅकेट वर. नातवंडांच्या मापाचं आजच घेऊ नका, डिसेंबरच्या तोंडावर वजन विचारून घ्या.

मशीनच्या लाल दोरीकडे नवखे लोक शोभेची वस्तू म्हणून बघतात. तिचं एक टोक मशीनला, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा मांडीला. माणूस पडला की दोरी निघते, मशीन बंद होतं. ती नसेल तर रिकामी बोट गोल गोल फिरत पाण्यातल्या माणसावर परत येते, पंख्यासकट. एक जादा दोरी बोटीतल्या दुसऱ्या माणसाच्या खिशात ठेवा, नाहीतर तुम्ही पाण्यात आणि मशीन कुणालाच सुरू करता येत नाही, असं होतं.

नाळेला बांधायचा दोर तरंगणारा घ्या आणि तो पंख्यापर्यंत पोहोचणार नाही इतकाच लांब ठेवा. नांगर रबरी बोटीला टोकदार नको. घडीचा चार पाकळ्यांचा घेतलात तर पाकळ्यांना टोप्या घाला. नांगराला दोन मीटर साखळी आणि तिच्यापुढे पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी दोर, सगळं एका बादलीत, म्हणजे साखळी तळाला घासत नाही आणि तीच बादली पाणी उपसायला होते. वल्ही बोटीबरोबर येतात ती बहुधा खेळण्यातली असतात, बदला. पायपंपाबरोबर दाबमापक घ्या. कडांना साधारण पाव बार पुरतो, आणि पहाटे कडक भरलेली बोट दुपारच्या उन्हात ठेवली की दाब वाढतो, तेव्हा थोडी हवा सोडायची. स्पार्कप्लग, पाना, लहान पंख्याची मोडणारी पिन, टॉर्च, शिट्टी, आणि पाणी न शिरणाऱ्या पिशवीत मोबाइल. त्यात तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन नंबर आधीच घालून ठेवा. जीपीएस, मासे शोधणारं यंत्र, रंगीत दिवे, कप ठेवायची खाच वगैरे पहिल्या वर्षी काही नको.

सिमेंटचा उतार बांधू नका. खाडीचा काठ सीआरझेडमध्ये, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेल्या किनारी पट्ट्यात येतो, आणि तिवरं तोडण्यावर उच्च न्यायालयाची बंदी आहे. त्याऐवजी परसातल्या माडाला एक कप्पी आणि पाण्यात, ओहोटीलाही बोट तरंगेल अशा जागी, नांगराला बांधलेल्या बोयऱ्यावर (तरंगत्या पिंपावर किंवा गोळ्यावर) दुसरी कप्पी लावा. दोन्हींतून फिरणारा अखंड दोर ओवून त्याला बोट बांधायची. काठावरून दोर ओढला की बोट आत जाते, उलट ओढला की दारात येते. दोन-चार तासांसाठी बोट पाण्यात ठेवायची तर चिखलात पाय घालावा लागत नाही. रात्रभर मात्र अशी ठेवू नका, आणि मशीन तर नाहीच. कायमचा खांब रोवायचा असेल तर आधी विचारा. विचारायचं महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या बंदर निरीक्षकांना. तुमच्या भागाचं प्रादेशिक कार्यालय वेंगुर्ल्याला आहे. मशीन लावलेल्या बोटीची नोंदणी, तपासणी आणि विमा यांचं काय करावं लागेल ते तिथेच, खरेदीच्या आधी, लेखी विचारा. जवळच्या सागरी पोलीस ठाण्यात बोटीचा रंग आणि तुमचा नंबर देऊन ठेवा. नवी बोट खाडीत दिसली की ते चौकशीला येणारच, त्यापेक्षा आपण जाऊन चहा घेतलेला बरा.

आता तुमच्या पत्नीचं. पत्रात त्या दोन ओळींत आल्या, तरी माझ्या दृष्टीने या खरेदीतला अर्धा प्रश्न त्यांचा आहे. ‘मी काठावरून हात हलवते’ म्हणणाऱ्या माणसाला बोटीत बसायचं नसतं असं नाही. बोटीत आपल्याला काहीच करता येणार नाही आणि ‘यांना’ काही झालं तर मी काय करू, ही त्यातली भीती असते, आणि ती रास्त आहे. तेव्हा बोट आली की पहिल्या दिवशी मशीन लावूच नका. गुडघाभर पाण्यात, जॅकेट घालून, दोघांनी नुसतं वल्हवा. त्यांना जॅकेटवर पाठीवर तरंगून बघू द्या. दुसऱ्या वेळी मशीन सुरू करणं आणि बंद करणं त्यांनी शिकायचं, तुम्ही नाळेत गप्प बसायचं. (इंजिनीअर नवऱ्यांना हे जड जातं, याची कल्पना आहे.) दोघांपैकी कुणीही एकटा बोट घरी आणू शकतो, इतकं जमलं की मगच पलीकडचा काठ. त्यांनी तरीही नको म्हटलं तर तो निर्णय मान्य करा, पण मग बोट आणखी लहान आणि मशीन आणखी हलकं घ्या, कारण उचलणारा माणूस एकच उरतो.

कधी निघायचं याला आपल्याकडे जुनी रीत आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. थोडं मागेपुढे होतं, कोष्टकाशी ताडून घ्या. तुम्हाला सोयीचे दिवस एकादशी ते त्रयोदशी, दोन्ही पक्षांतले. पहाटेचा मतलई वारा मंद असतो, पाणी चढत असतं, सातच्या सुमारास निघून दहाच्या आत परत यायचं. ओहोटी लागली असली तरी पाणी फार उतरलेलं नसतं, त्यामुळे बोट चिखलावरून ओढावी लागत नाही. दशमीच्या आसपास भांगाची (कमी चढ-उताराची) भरती असल्याने पाण्याला ओढाही कमी. अकरा वाजल्यानंतर खारा वारा उठतो, फेब्रुवारीपासून तर जोरात, आणि हलक्या बोटीला तो कुठेही नेतो. पाणी चढताना मशीन बंद पडलं तर ते तुम्हाला खाडीत आत नेतं; ओहोटीला समुद्राकडे. म्हणून ओहोटी चालू असताना मुखाच्या दिशेला जायचं नाही, आणि मुखावरच्या वाळूच्या दांड्यावर लाटा फुटताना दिसल्या तर तिकडे नाळ वळवायचीच नाही, मागे नातवंडं कितीही ओरडत असली तरी.

मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत बोट बंद. गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, टाल्कम पावडर लावा, थोडी हवा ठेवून उंचावर टांगा. घुशी आणि उंदीर रबर कुरतडतात, त्यामुळे पडवीच्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवणं म्हणजे त्यांना बाळंतपणाची खोली काढून देणं. ठिगळ लावायचं राहिलं असेल तर पावसात लावू नका. दमट हवेत तो दोन भागांचा डिंक धरत नाही. जानेवारीच्या कोरड्या दुपारी लावा, आणि पीव्हीसीचा डिंक हायपेलॉनला चालत नाही हे ध्यानात ठेवा.

खरेदी पावसाळ्यात ठरवा, म्हणजे बोट-मशीन सप्टेंबरात हातात येईल. नव्या मशीनचे पहिले दहा तास पूर्ण ताकद द्यायची नसते. ते दहा तास ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सकाळी तुम्ही दोघांनी घराजवळच्या पाण्यात काढा. पहिली सर्व्हिसिंग बहुधा २० तासांना असते; डिसेंबरात मुलाचं विमान उतरण्याआधी ती उरकून घ्या आणि मेकॅनिक तुमचं मशीन उघडेल तेव्हा शेजारी उभे राहून बघा.